जुना बास्केटबॉल बूट कडक का असतो आणि तरी हवासा का वाटतो

गेल्या दिवाळीत भाच्याने पहिल्या पगारातून जुन्या ढंगाचे बास्केटबॉल बूट घेतले. घोट्याच्या वर येणारे, पांढऱ्या-लाल चामड्याचे, जाड रबरी तळाचे. खोका आमच्याच घरी उघडला. आतला पातळ कागद बाजूला केला तसा नव्या चामड्याचा आणि गोंदाचा वास खोलीभर पसरला. नाड्या ओवायलाच त्याला चांगली दहा मिनिटं लागली. मग बूट घालून हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या, खाली बसला आणि म्हणाला, "मामा, माझे रोजचे धावायचे बूट याच्या निम्म्या किमतीचे आहेत आणि गादीसारखे मऊ आहेत. हे एवढे महाग आणि एवढे कडक का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मी बरीच वर्षं कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टावर खेळलो आणि या बुटांचा नाद मला तेव्हापासून आहे. मुंबईत नागपाड्याला सामने बघायला जायचो तेव्हा खेळाडूंच्या चेहऱ्याआधी त्यांचे पाय बघायचो. तरीही भाच्याला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही, कारण ते एका वाक्यात मावत नाही. त्यात रबर आहे, चामडं आहे, पायाची रुंदी आहे, आपला पावसाळा आहे आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली लाकडी जमीन आहे.

त्या जमिनीपासूनच सुरुवात करतो. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या शाळेत जेम्स नाइस्मिथ यांनी हिवाळ्यात घराच्या आत खेळता यावा म्हणून बास्केटबॉल काढला. हा खेळ वाढला तो लाकडी फळ्यांच्या गुळगुळीत, किंचित लवचीक जमिनीवर. या खेळात माणूस सरळ फार धावत नाही. चार पावलं धावतो, जागच्या जागी थांबतो, एका पायावर गिरकी घेतो, उडी मारतो आणि पुन्हा वळतो. अशा वेळी बुटाने दोन गोष्टी सांभाळायच्या असतात: पाय घसरू द्यायचा नाही आणि कलंडू द्यायचा नाही. घरातल्या जाड गादीवर उभं राहून एका पायावर गर्रकन वळून बघा, पाऊल आत बुडतं आणि घोटा एका बाजूला झुकतो. सपाट, रुंद, घट्ट तळावर तसं होत नाही. जुने बूट कडक आहेत ते याच कारणाने. तो कडकपणा त्यांच्या कामाचा भाग होता.

पहिले गाजलेले बूट तर अगदी साधे होते. कॉन्व्हर्स ही रबरी पादत्राणांची कंपनी १९०८ची, तिचा ऑल स्टार १९१७चा. जाड कापडाचा वरचा भाग आणि सपाट रबरी तळ, बस. चक टेलर हा खेळाडू पुढे कंपनीचा विक्रेता झाला, गावोगावी फिरून खेळ शिकवायचा आणि बूट विकायचा. १९३०च्या दशकात त्याचं नाव घोट्यावरच्या गोल बिल्ल्यावर आलं. हा बूट ज्या रीतीने बनतो तिला व्हल्कनायझेशन म्हणतात. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. त्यात गंधक मिसळून तापवलं की त्याचे लांबलचक रेणू एकमेकांना बांधले जातात आणि रबर चिवट होतं. चार्ल्स गुडइयर यांनी याचं अमेरिकी पेटंट १८४४ साली घेतलं. ऑल स्टारमध्ये कापड आणि तळ यांच्याभोवती रबराची पट्टी गुंडाळतात आणि अख्खा बूट भट्टीत घालतात, म्हणजे सगळं एकजीव होतं. टाच आणि पुढचा भाग जवळजवळ एकाच उंचीवर राहतात, मध्ये फोम नावापुरता. असा बूट घातला की पायाखालची जमीन कळते, खडासुद्धा कळतो. जिममध्ये वजन उचलणारे अनेक जण आजही हाच बूट का घालतात, ते यावरून लक्षात येईल. त्यांना पायाखाली काहीही दबणारं नको असतं.

पुढची मोठी पायरी म्हणजे १९६९चा आदिदास सुपरस्टार. कापडाच्या जागी चामडं, घोट्याच्या खाली संपणारा आकार आणि पुढे शिंपल्यासारखी रबरी टोपी. त्याचा तळ वेगळ्या रीतीचा आहे. परातीला कशी कड असते, तशी कड असलेला रबराचा एकसंध तळ ओततात, त्यात चामड्याचा वरचा भाग बसवतात आणि कडेने गोल शिवण मारतात. तुमच्याकडे जुन्या ढंगाचा बूट असेल तर तळाच्या कडेवरून बोट फिरवा, त्या शिवणीची खाच हाताला लागेल. नाइकीचे एअर फोर्स वन, जॉर्डन वन, डंक हे सगळे याच परातीच्या घराण्यातले. परातीत पायाखाली फोमची एक वडी असते. पण रबराची कड जाड आणि ताठ असल्यामुळे ती वडी बाजूंना पसरू शकत नाही, म्हणून कमी दबते. बूट वजनदार होतो, सुरुवातीला वाकतही नाही. शिवण मात्र वर्षानुवर्षं टिकते.

"पण यात हवा आहे ना?" हा भाच्याचा पुढचा प्रश्न. आहे, पण कुठे आहे ते बघायला हवं. फ्रँक रूडी हे अंतराळ उद्योगात काम केलेले अभियंते. बुटाच्या तळात वायूची पिशवी घालायची कल्पना त्यांची. साध्या हवेचे रेणू लहान, ते प्लॅस्टिकच्या पातळ भिंतीतून हळूहळू निसटतात. म्हणून सुरुवातीला मोठ्या रेणूंचा, सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा वायू वापरला. हा वायू वातावरण फार तापवतो, त्यामुळे २००६पर्यंत नाइकीने पिशवीची भिंत सुधारून त्याच्या जागी नायट्रोजन घेतला. बास्केटबॉलच्या बुटात ही पिशवी पहिल्यांदा आली ती १९८२च्या एअर फोर्स वनमध्ये. त्याचे आरेखक ब्रूस किलगोर. पण पिशवी आहे फक्त टाचेखाली, पॉलियुरेथेन नावाच्या फोमच्या घट्ट वडीच्या पोटात. उडी मारून टाचेवर आदळल्यावर तिचा उपयोग होतो. दुकानात गालिच्यावर चार पावलं टाकली तर ती जाणवणारच नाही. १९८५च्या जॉर्डन वनमध्येही पिशवी टाचेखालीच, आणि त्याच वर्षीच्या मूळ डंकमध्ये तर ती नव्हतीच.

आजच्या धावायच्या बुटाखाली मात्र बोटभर जाडीचा हलका फोम असतो. ताज्या पावासारखा, सूक्ष्म बुडबुड्यांनी भरलेला. पहिल्या क्षणी मऊ लागणं हेच त्याचं कौशल्य. तुलना केली तर जुना बूट हरणारच, आणि त्याची किंमत मऊपणासाठी नसतेच. ती चामड्यासाठी, नावासाठी आणि त्या आकारासाठी असते. हे घ्यायच्या आधी माहीत असलं की निराशा होत नाही.

आता मापाकडे येतो, कारण माझ्या मते निम्म्या तक्रारी तळाच्या नसतात, मापाच्या असतात.

भाचा सांगत होता, "मी सगळीकडे आठच नंबर घेतो." इथेच पहिली चूक होते. आपल्याकडे बुटांवर ब्रिटिश नंबर चालतो. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर, आणि अर्ध्या नंबराचा फरक चार मिलिमीटरहून थोडा जास्त. पण हा नंबर प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने लावते. अमेरिकेत पुरुषांचा नऊ नंबर घ्या. नाइकीच्या बुटावर त्याला ब्रिटिश ८ लिहिलेलं असतं, आदिदासवर साडेआठ आणि कॉन्व्हर्सच्या ऑल स्टारवर, म्हणजेच चकवर, चक्क ९. पहिल्या दोन्हींवर सेंटिमीटरमध्ये लांबी २७ आहे, चकवर साडेसत्तावीस. म्हणून बुटाच्या जिभेच्या आतलं लेबल उलटवून सेंटिमीटरचा आकडा बघायचा. काही कंपन्या तो मिलिमीटरमध्ये, २७० असा छापतात. त्या लेबलावरचा कंपनीपरत्वे सगळ्यात कमी बदलणारा आकडा तोच.

तोही पुरेसा नाही. बूट ज्या साच्यावर ओढून बनवतात, त्याला या धंद्यात फर्मा म्हणतात. फर्मा पायाच्या आकाराचा असतो आणि बुटाच्या पोटातली जागा तोच ठरवतो: बोटांपाशी किती रुंदी, पावलावर किती उंची, टाच किती निमुळती. एकाच लांबीचे दोन बूट एक ऐसपैस आणि एक आवळ वाटतो तो फर्म्यामुळे. एअर फोर्स वन आणि सुपरस्टार बहुतेकांना सैल होतात, अर्धा नंबर कमी घेतलेला बरा. चक लांबीला मोठा पण रुंदीला अरुंद. डंक आणि न्यू बॅलन्सचा ५५० हे चवड्यापाशी आवळ, रुंद पावलाच्या माणसाला तिथे टोचतात. जॉर्डन वन साधारण मापात बसतो, मात्र नवा असताना पावलावर घट्ट लागतो.

आणि आपले पाय रुंद असतात. हा नुसता अंदाज नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीय पाय युरोपी आणि अमेरिकी पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचं त्यातून पुढे आलं, आणि म्हणून भारतीयांसाठी 'भा' नावाची वेगळी मापपद्धत सुचवली गेली. अमेरिकी खेळाडूंच्या पायांसाठी केलेल्या जुन्या फर्म्यात आपली करंगळी का चुरगळते, ते यात आलं. करंगळी दाबली गेली की आपण काय करतो? एक नंबर मोठा घेतो. लांबी वाढते, रुंदी मात्र जेमतेम वाढते. टाच आत-बाहेर सरकायला लागते, मागे फोड येतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बूट चुकीच्या जागी वाकतो.

ही वाकण्याची जागा फार महत्त्वाची आहे. पाऊल वाकतं ते बोटांच्या मुळाशी, चवड्यावर. बूटही नेमका तिथेच वाकायला हवा. अमेरिकेतल्या जुन्या दुकानांत पाय मोजायचं ब्रॅनॉक नावाचं धातूचं उपकरण असतं, १९२०च्या दशकातलं. ते तीन मापं घेतं: टाचेपासून बोटापर्यंत, चवड्याची रुंदी, आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर. हे तिसरं माप आपण कधी घेतच नाही. दोन माणसांची पावलं एकाच लांबीची असतात, पण एकाची बोटं लांब असतात आणि दुसऱ्याची आखूड. मग एकाच नंबराचा बूट एकाला छान बसतो आणि दुसऱ्याला चावतो.

घरी करता येईल असा उपाय भाच्याबरोबर केला. संध्याकाळची वेळ निवडली, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. तो ज्या जाडीचे मोजे घालतो तेच घातले. भिंतीला टाच टेकवून वर्तमानपत्रावर उभं केलं आणि पेन्सिल अगदी उभी धरून पावलाभोवती रेघ मारली. पेन्सिल तिरकी झाली की माप चुकतं. दोन्ही पायांची रेघ काढली. डावा उजव्यापेक्षा पाच मिलिमीटर लांब निघाला. हे अगदी नेहमीचं आहे आणि बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. मग बुटातला आतला तळवा बाहेर काढला आणि त्याला त्यावर उभं केलं. पुढे अंगठ्यासमोर पाऊण-एक सेंटिमीटर जागा हवी, ती होती. पण करंगळीचा निम्मा भाग तळव्याच्या बाहेर लोंबत होता. लांबी बरोबर, रुंदी कमी. त्याचा त्रास तळाच्या कडकपणाचा नव्हताच, करंगळीचा होता. कडक तळामुळे तो अधिक जाणवत होता, इतकंच. नशिबाने रुंदी वाढते. चामडं वापराने आडवं पसरतं, लांबीला मात्र वाढत नाही. म्हणून लांबीला आखूड बूट कधीच घेऊ नये. सवय होईल म्हणून तो घालत राहिलात तर पायाला कुरूप होतं, सवय होत नाही.

चामडं सैलावायचं तर घाई करायची नाही. घरात रोज अर्धा तास, जाड मोजे घालून. कोपऱ्यावर जाऊन भाजी आणायची, बसायचं, नाड्या थोड्या सोडायच्या. पहिल्याच दिवशी दादरच्या गर्दीत मिरवायला नेलात तर संध्याकाळी लंगडत याल. चकचकीत लेप दिलेलं चामडं उशिरा मऊ होतं, कारण वर रंगाचा प्लॅस्टिकसारखा थर असतो. वॉल्ट फ्रेझियर या बास्केटबॉलपटूच्या नावाने १९७३ साली आलेल्या पूमा क्लाइडसारखं मखमली स्वेड चामडं लवकर पायाचं होतं, पण एका पावसात खराब होतं. आतला तळवा बदलून जाड मऊ तळवा घालायचा सल्ला सगळेच देतात. त्याने पाय वर उचलला जातो आणि पावलावरची जागा कमी होते हे लक्षात ठेवा. आधीच घट्ट असलेल्या बुटात तो घालू नये.

घोट्यापर्यंत उंच असलेला बूट घोटा मुरगळण्यापासून वाचवतो, असं आम्हालाही शाळेत सांगायचे. १९९३ साली अमेरिकेत सहाशेवर कॉलेज खेळाडूंना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे उंच आणि ठेंगणे बूट वाटून हे तपासलं गेलं. मुरगळण्याच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. पुढे २००८मध्ये कोबी ब्रायंट या खेळाडूने तर मुद्दाम घोट्याखाली संपणारा बूट मागून घेतला आणि तो घालून एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला. उंच कॉलरमुळे टाच पकडीत राहते, तीही नाड्या वरपर्यंत बांधल्या तरच. बाकी ती दिसायला छान असते. आणि तेवढ्यासाठी ती आवडली तर त्यात गैर काहीच नाही.

कारण ओढ ही खरी गोष्ट आहे. मायकल जॉर्डन या अमेरिकी बास्केटबॉलपटूचंच उदाहरण घ्या. १९८५मध्ये पीटर मूर यांनी आरेखलेला त्याच्या नावाचा पहिला बूट, जॉर्डन वन, आला. काळ्या-लाल बुटांवरून एनबीएने आक्षेपाचं पत्र पाठवलं आणि कंपनीने त्याचीच जाहिरात केली. हाच बूट घालून त्याने २० एप्रिल १९८६ला बोस्टनविरुद्ध ६३ गुण केले. मग याच बुटाची तेरा वर्षं जुनी मूळ जोडी त्याने ८ मार्च १९९८ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पुन्हा घातली. तोवर त्याच्या पायांना कितीतरी प्रगत बुटांची सवय झाली होती. जुनी जोडी आवळ होती. मध्यंतरापर्यंत पाय रक्ताळले, पण त्याने ती काढली नाही आणि ४२ गुण केले. त्या बुटाचा आराम किती आणि ओढ किती, हे त्या एका संध्याकाळी दिसतं.

ही ओढ मला नुसत्या जाहिरातीची वाटत नाही. या बुटांवरची प्रत्येक गोष्ट काहीतरी काम करायला आली होती. बोटांवरची भोकं घाम सुटायला. एअर फोर्स वनच्या तळावरची एकात एक वर्तुळं गिरकी घ्यायला. कडेच्या वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या म्हणजे चामड्याचे वेगवेगळे तुकडे, जिथे ताण जास्त तिथे दुहेरी. डंकवर कॉलेज संघांचे रंग आले ते त्या संघांसाठीच बूट बनवला म्हणून. डोळ्याला हे कळतं, त्याची नावं माहीत नसली तरी. एअर फोर्स वन बंद होणार होता तेव्हा बाल्टिमोरच्या तीन दुकानदारांनी हट्ट धरून नवे रंग मागवले आणि तो वाचला. न्यू बॅलन्सचा ५५० १९८९मध्ये आला, विसरला गेला, आणि २०२०मध्ये परतला तेव्हा अनेकांना तो नवाच बूट वाटला. उलट १९९४मध्ये पहिला जॉर्डन पुन्हा काढला तेव्हा तो फारसा खपला नव्हता. ज्यांनी लहानपणी तो दुकानाच्या काचेआड पाहिला होता, ती मुलं तोवर कमावती झाली नव्हती, असं मला वाटतं.

आता पावसाळा. मी एक जोडी सात वर्षं जपली होती. वर्षातून दोनदा घालायचो, एरवी खोक्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर. एका जूनमध्ये दादरच्या पुलावर चढताना उजव्या पायाखाली काहीतरी भुसभुशीत लागलं. खाली पाहिलं तर तळाचे पिवळट तुकडे पायऱ्यांवर पडले होते, बोटांत घेतले तर चुरा. दहा पावलांत डावाही सुटला. वापरून झिजले असते तर वाईट वाटलं नसतं.

हे पॉलियुरेथेनचं पाण्याशी असलेलं वैर. हा फोम घट्ट आणि टिकाऊ असतो, पण त्याच्या एका प्रकारात रेणूंचे दुवे हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतात. बूट न घालता ठेवला तरी हे होतच राहतं, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत लवकर होतं. चालताना फोम दबून आतला ओलावा बाहेर पडतो असं जुने शौकीन सांगतात. बंद खोक्यात ओलावा कोंडून राहतो. जॉर्डन तीन आणि चारसारख्या, तळाची कड फोमचीच असलेल्या बुटांना हा धोका सगळ्यात जास्त. रबरी परातीचे बूट बाहेरून धड दिसतात, पण आतली वडी गेलेली असू शकते. जुनी जोडी विकत घेणार असाल तर तळाच्या फोममध्ये अंगठ्याचं नख हलकेच दाबा. खूण भरून आली तर ठीक. चिकट लागलं किंवा कण सुटले तर पैसे खिशात ठेवा. आणि असतील ते बूट महिन्यातून एकदा तरी घाला, भिजले तर कागद कोंबून पंख्याखाली वाळवा, उन्हात नको.

भाच्याने बूट परत केले नाहीत. करंगळीपाशी चामडं सैलावायला सहा आठवडे लागले. परवा आला तेव्हा बूट दाराशी काढून ठेवले होते, मी उचलून पाहिले. उजव्या बुटावर चवड्याच्या जागी एक सुरकुती होती, डाव्यावर दोन, आणि टाचेच्या आतल्या अस्तराला मोज्याचा निळा रंग लागला होता.